तळाचा भाव

वकील करणं म्हणजे डाळीचा भाव काढण्यासारखंच, असं मला वाटायचं. आता ऐका माझी शहाणी अक्कल.

भाची शिवलीलाला जनवाड्याच्या नवऱ्यानं लेकरासकट माहेरी धाडलं. पोटगीचा दावा लावायचा होता. मी पडलो बीदरचा कापडवाला; चार ठिकाणी विचारल्याशिवाय सुतळीसुद्धा घेत नाही. कोर्टाजवळचे पाच वकील गाठले. प्रत्येकाला चहा पाजून सगळी हकीगत सांगितली, वर हेही सांगितलं, "महिन्याला पंधरा हजार मागा, पण आठावर बी मिटवू." शेवटी पाचांतला सगळ्यांत स्वस्त धरला.

समझोत्याच्या दिवशी जावयाच्या बाजूनं कोण उभा? त्या पाचांतलाच तिसरा, ज्याची फी ऐकून मी उठलो होतो! आमच्या वकिलानं पंधरा म्हणताच तो म्हणाला, "आठ देतो."

मी भडकलो. "साहेब, आठात लेकराची शाळा कशी भागंल?"

"अप्पा, कामून चिडायलाव? आकडा तुमचाच हाय."

"ते तुम्हाला आपला समजून सांगितलं होतं!"

"मग आपला वकील करायचा होता. तुमच्या जावयानं फीवर एक शब्द काढला न्हाई."

शिवलीलानं आठाला साफ नकार दिला. तारीख पुढं गेली. जिना उतरताना तिनं विचारलं, "मामा, दुकानात गिऱ्हाईकाला कधी तळाचा भाव सांगितलाव?"

"चाळीस वर्षांत न्हाई!"

"मग पुढच्या तारखेला बोलायचं मी बघते. तुम्ही नुसता चहा पाजा."