डाव्या चाकाचा बॉल जॉइंट कोणी काढला

जबाब देणार: नाव ओळखपत्रावर आहे तेच, बाजारात मात्र सगळे "सबुरी" म्हणतात. वय एकोणपन्नास. धंदा मोटारदुरुस्ती. राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. गॅरेज माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेले आहे. त्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. आधी मी मामांच्या हाताखाली काम शिकलो, जावई नंतर झालो. मामा आता निवृत्त आहेत, म्हणजे रोज सकाळी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि माझे काम कुठे चुकते आहे ते सांगतात. आमच्यात भांडण नाही.

मामांनी दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. त्यांच्या अंगणातल्या जुन्या गाडीचा पुढच्या डाव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट कोणीतरी काढून नेला आणि संशय जावयावर आहे, असे तिच्यात लिहिले आहे. तक्रार खरी आहे. जॉइंट मी नेला.

बॉल जॉइंट म्हणजे काय आणि तो चोरण्यासारखा असतो का, असे हवालदारांनी विचारले. त्यावर सांगतो की, मांडीचे हाड खुब्यात जसे बसते तसा दांड्याच्या टोकाचा पोलादी गोळा पोलादी वाटीत बसलेला असतो. त्याच्यामुळे चाक वरखाली होते आणि वळतेही. वाटीत ग्रीस असते आणि वरून रबरी टोपी. टोपी फाटली की धूळपाणी आत जाते, ग्रीस बाहेर येते आणि गोळा झिजू लागतो. आधी खड्ड्यात "टक" असा आवाज येतो, टायर एका कडेने खाल्ला जातो, स्टिअरिंग भरकटते. तेवढ्यात लक्ष दिले तर ठीक. नाही दिले तर एखाद्या वळणावर गोळा वाटीतून निसटतो, चाक आडवे पडते आणि गाडी जागेवर बसते. चोरण्यासारखा तो अजिबात नसतो.

मामींना त्यांच्या धाकट्या बहिणीकडे जायचे होते. रस्ता घाटाचा आहे. गाडी मामा स्वतः चालवणार होते. जाण्यापूर्वी त्यांनी गाडी तपासली, आणि ती ठणठणीत असल्याचे मला, माझ्या पत्नीला आणि शेजारच्या शिंप्याला सांगितले.

मी सहज पाहायला गेलो तेव्हा रबरी टोपी फाटलेली दिसली. मामांनी जॅक चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली लावला होता. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या लोखंडी हातावर बसते. चासीखाली जॅक लावला तर स्प्रिंगचा दाब जॉइंटवर राहतो आणि झीज लपते. जॅक आर्मखाली, जॉइंटच्या जवळ लावावा लागतो. हे मला मामांनीच पहिल्या दिवशी शिकवले, आणि मी चुकलो तेव्हा पाना फेकून मारला होता. पण आता त्यांचे गुडघे तेवढे वाकत नाहीत. जॅक काढून आर्मखाली लावला.

मामा म्हणाले, "काय जावईबापू, माझीच गाडी तपासताय? माझ्याकडूनच शिकून?"

मी म्हणालो, "सवय आहे, मामा."

"सवय चांगली आहे. लावली कोणी?"

"तुम्हीच."

"मग बोल की मोठ्याने, शिंप्याला ऐकू जाऊ दे."

मी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, टायरखाली घालून चाक उचलले. चाक आर्मला सोडून वर सरकत होते. मामांना म्हणालो, "जरा हात ठेवता का?" त्यांनी टायरवर तळहात ठेवला. मी पुन्हा उचलले. मामा म्हणाले, "काही नाही." मी आणखी एकदा उचलले. चाक किती हलते ते मला उभ्या जागेवरून दिसत होते.

मामा म्हणाले, "अरे, किती वेळा तेच? काही नाही म्हटलं ना!"

मी म्हणालो, "हो मामा. काही नाही."

त्यांनी तळहात लगेच काढला नाही.

इथे नमूद करतो की, याच तळहातावर गॅरेज उभे राहिले. मामा चाकाला नुसता हात लावून कोणता जॉइंट गेला ते सांगत. टॉमी घालून पाहणे ही ज्याला हात नाही त्याची सोय, असे ते म्हणत. गाडीवाले लांबून येत, ते टॉमीसाठी येत नसत.

मामी त्या वेळी चहा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. चहा निवल्यावर पुन्हा गरम करून आणला.

"पार्ट गेलाय म्हणून सरळ सांगायचं ना," असे हवालदारांनी विचारले. त्यावर सांगतो की, सांगितले असते तर मामांनी पुन्हा हात ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींनी मला निरोप पाठवून बोलावले. फाटक त्यांनीच उघडले. म्हणाल्या, "हे झोपलेत. काय ते आत्ताच करा. पण आवाज नको."

मी म्हणालो, "मामी, जॉइंट सुटायला हातोडा मारावाच लागतो."

त्या म्हणाल्या, "मग मी मिक्सर लावते."

काम सुरू करण्यापूर्वी मी रोज हात जोडतो, तसे त्या दिवशीही जोडले. अशा कामासाठी जोडावेत की नाही, हा विचार चाक निघाल्यावर आला. तोवर उशीर झाला होता, म्हणून पुन्हा एकदा जोडले. मिक्सर बराच वेळ चालू होता. त्यात काय होते ते मला माहीत नाही. मामींना विचारल्यावर "काही नाही, हवा" असे म्हणाल्या.

मामा उठण्यापूर्वी नवीन जॉइंट आणून बसवायचा आणि गप्प राहायचे, असा विचार होता. दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा दिला. तो बदलून घेण्यात वेळ गेला. तेवढ्यात मामा उठले आणि गाडी धुवायला बादली घेऊन अंगणात आले.

संशय माझ्यावरच का, याचे कारण तक्रारीत दिलेले आहे. चोराने आर्मखालचा जॅक तसाच ठेवला, शिवाय चासीखाली लाकडी ठोकळा दिला. काढलेले चाक गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवले, म्हणजे जॅक सरकला तरी गाडी चाकावर टेकेल. नट घरातल्या एका वाटीत, वाटीत रॉकेल, वाटीवर झाकण. "असा चोर मी आयुष्यात एकच तयार केला आहे," असे तक्रारदाराचे शब्द आहेत. हे सांगताना तक्रारदार हसत होते, असे हवालदार म्हणाले. ते तक्रारीत लिहिलेले नाही.

जबाब चालू असताना मी जुना जॉइंट टेबलावर हजर केला. वस्तू ओळखण्यासाठी मामांना आत बोलावण्यात आले. त्यांनी जॉइंट हातात घेतला, दांडा बोटांनी हलवला. चेहऱ्यावर काही दिसले नाही. मग त्यांनी वाटी कानाखाली जबड्याच्या हाडाला टेकवली आणि दांडा पुन्हा हलवला. डोळे मिटले होते. असे त्यांनी बराच वेळ केले. खोलीत पंखा चालू होता, तो हवालदारांनी आपण होऊन बंद केला.

मामा म्हणाले, "माझाच आहे. गेलेला आहे." जॉइंट खाली ठेवून त्यांनी रुमालाने हात पुसले. हाताला ग्रीस फारसे नव्हते, तरी पुसत राहिले.

नंतर ते हवालदारांना म्हणाले, "तक्रार मागे घ्यायची आहे. काढ म्हणून मीच सांगितलं होतं ह्याला. विसरलो."

हवालदार म्हणाले, "आजोबा, सकाळी तर ठामपणे सांगत होतात."

"वय झालं. माणसानं विसरायचंही नाही का?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. त्यावर सांगतो की, मामांची आठवण पक्की आहे. लग्नाआधी माझ्या हातून वाकलेला पाना ते अजून पाहुण्यांना दाखवतात. तरीही त्यांनी मला सांगितले होते, असे ते म्हणत असतील, तर सांगितले होते. माझी हरकत नाही.

मामा जाताना दारात थांबून मला म्हणाले, "नवीन जॉइंटला पिन आठवणीने घाल. नट आवळून सोडून देऊ नकोस."

मी म्हणालो, "नट तुम्ही आवळा, मामा. पिन मी घालतो."

ते म्हणाले, "बघू."

सध्या मामा बाहेर ठाण्याच्या जीपशी उभे आहेत आणि जॅक कुठे लावायचा ते ड्रायव्हरला समजावत आहेत. आवाज इथपर्यंत येतो आहे. सांगतात ते बरोबर आहे.

घाटातून गाडी मी चालवावी, असे मामींनी ठरवले आहे. मामांना ते कोणी सांगायचे हे अद्याप ठरलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. टायरवर हात ठेवल्याचा मजकूर मोठ्याने वाचू नये, खिडकी उघडी आहे, अशी मी विनंती केली. तेवढा भाग हवालदारांनी कागद माझ्याकडे सरकवून मला मनात वाचू दिला. तोही बरोबर आहे.