उगवतीकडं तोंड

बसवराज : बॅटरी ठणठणीत हाय, काका. वायरीबी कुठं जळल्या न्हाईत.

बलभीम : मग मशीन का बंद पडली? सोलर तूच बसवलास. दोन दिवस लाईट आली न्हाय तरी काकूचा ऑक्सिजन थांबत न्हाय, असं तूच म्हणला होतास.

बसवराज : व्हय, म्हणलो होतो.

बलभीम : मंगळवारी सकाळी लाईटचा खांब पडला. बुधवारी दिवेलागणीला मशीन नुसती ओरडायला लागली, अन् बंद. कस्तुरा माझ्याकडं बघत होती. माकणीतनं दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं.

बसवराज : बॅटरी परत एकदा मोजून बघतो, काका.

बलभीम : गावात म्हणत्यात, बसवराजनं जुना माल गळ्यात मारला. म्या कुणाला काय बोललो न्हाय. पण खरं काय ते कळल्याबिगर माझ्या जिवाला चैन न्हाय.

बसवराज : थांबा, वर चढून बघतो.

(बसवराज शिडीनं पत्र्यावर चढतो.)

बलभीम : काय रं, काय दिसलं?

बसवराज : काका, सोलरच्या प्लेटा कुणी फिरवल्या?

बलभीम : म्या. दिवाळीनंतर, पाना घेऊन. तू सगळ्यांची तोंडं दक्षिणेला करून गेलतास. घरात बाई आजारी. देवापुढच्या दिव्याची वात तरी आपण तिकडं करतो का? यमाची दिशा ती. म्हणून उगवतीकडं केली. सकाळी काय झगझगीत ऊन पडायचं! कस्तुरालाबी बरं वाटलं... का रं? ऊन पडलं म्हंजे वीज होतीच की.

बसवराज : होती की.

बलभीम : दुपारनंतर ऊन प्लेटांच्या पाठीवर जायचं.

(बसवराज शिडीवरून खाली उतरतो.)

बलभीम : बसवराज, तेवढ्यानं बॅटरी कमी भरायची का?

बसवराज : न्हाय, काका. तेवढ्यानं काय होत न्हाय. बॅटरीच खराब निघाली. माल माझा, चूक माझी. गावातबी तसंच सांगा.

बलभीम : मघाशी चांगली हाय म्हणलास.

बसवराज : बघण्यात चुकलो.

बलभीम : पाना हाय का संगं?

बसवराज : हाय.

बलभीम : मग फिरव दक्षिणेला. आता घरात कुणाला जपायचंय.