निळ्या चेहऱ्यावर बोट

...आणि वर मलाच विचारतात, आजी, तू बोट लावलंसच कशाला? आता कशाला म्हणजे काय? तिनंच सांगितलं होतं लावायला. अकरा दिवस लावत होते, तेव्हा कुणाचं काही म्हणणं नव्हतं. अकरा दिवस खोट्यावर बोट लावलं तेव्हा आजी गुणाची, आणि बाराव्या दिवशी एकदाच खऱ्यावर लावलं तर आजीनं पोरीचं वाटोळं केलं. तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीसुद्धा माझ्या मुलासारखे अर्धं ऐकून मान हलवाल.

माझी थोरली नात. सव्वीस वर्षांची. घरी बसून नोकरी करते, म्हणजे कानाला ते दोन वाट्यांचं यंत्र लावून जेवायच्या टेबलापाशी बसते आणि लोकांची बोलणी खाते. कपडे धुवायची मशीन बिघडली की लोक हिला फोन करतात. मशीन हिनं बनवली नाही, विकली नाही, बिघडवली तर नाहीच नाही, पण शिव्या मात्र हिला. आणि ही काय म्हणते? "सॉरी सर. आय अंडरस्टँड मॅडम." एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता मोजलं मी. सकाळपासून जेवणापर्यंत एकतीस वेळा सॉरी. मी अख्ख्या संसारात इतक्यांदा म्हटलं नसेल, आणि माझा नवरा कसा होता ते तुम्हाला ठाऊक नाही म्हणून बरं आहे.

तर या पोरीला रडू यायला लागलं. थंडी सरली तेव्हापासून. बाथरूममध्ये जायची, नळ मोठा सोडायची. अर्धा अर्धा तास नळ, आणि बाहेर येते तर केस कोरडे. मला शाळा नाही, डोळे आहेत ना पण. विचारलं, काय गं बाई, काय होतंय तुला? तर म्हणते, "काही नाही गं आजी, जरा लो वाटतंय."

लो. बरं. दुसऱ्या दिवशी म्हणाली डाऊन. तिसऱ्या दिवशी मूड ऑफ. मुलाला विचारलं, तर मोबाईलमधून मान वर न काढता, "अगं आई, स्ट्रेस असतो, सगळ्यांनाच असतो." सुनेला विचारलं, तर ती आवाज एकदम मऊ करून, दवाखान्यात बोलतात तसा, "आई, ती अपसेट आहे, तिला थोडी स्पेस द्या." स्पेस द्या म्हणे. म्हणजे लेक आत रडते आणि आपण बाहेर टीव्ही बघायचा. घरात एवढे शब्द फिरत होते, पण एकानं तरी दार वाजवलं का? शब्द सापडला की यांचं काम झालं. डब्याला चिठ्ठी चिकटवायची, डबा फळीवर सरकवायचा, आत काय सडतंय ते बघतो कोण?

अरे, रडू येतंय म्हणायला जीभ झडते का?

मी अठ्ठावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते. तिथल्या बायका कशा सांगायच्या? "मावशी, जीव थाऱ्यावर नाही." "मावशी, पोटात नुसतं कालवतंय." सात नंबरच्या खाटेवरची एक होती, हनुवटीवर तीळ, तिसरी मुलगी झाली म्हणून कुणी फिरकलं नव्हतं तिच्याकडं. ती म्हणाली, "मावशी, घरी सोडू नका, घर खायला उठेल मला." एवढं बोललं की मला कळायचं हात कुठं ठेवायचा, पाठीवर की कपाळावर. आता तुम्हाला विचारते, लो वाटतंय म्हटल्यावर हात कुठं ठेवू मी?

तर ते बोटाचं. हिच्या कंपनीची एक रीत आहे. रोज नऊच्या ठोक्याला मोबाईल वाजतो आणि पाच गोल चेहरे येतात. पहिला पिवळा, दात काढून हसणारा. शेवटचा निळा, डोळ्यातून दोन थेंब. मधले तीन तोंड हळूहळू पाडत नेणारे. प्रत्येकाखाली इंग्रजीत नाव. आज तुम्हाला कसं वाटतंय, ते पाच मिनिटांत सांगायचं. नाही सांगितलं तर नावापुढं लाल खूण. आणि नऊ वाजता आमची पोरगी कुठं? नळ सोडून आत. मग आतूनच ओरडायची, "आजी, पिवळा दाब!" मी दाबायची. दाबला की पडद्यावर फुगे उडायचे. आत ही हुंदके देतेय आणि बाहेर माझ्या हातात फुगे.

अकरा दिवस उडवले. एकदा म्हटलं तिला, अगं, खरं ते दाबू दे की. तर केवढी दचकली. "आजी, वेडी आहेस का? शुक्रवारी यादी लागणार आहे. पंधरा जणांवर मला मुख्य करणार आहेत. निळा दाबला तर नाव कापतील." म्हणजे बघा, कसं वाटतंय ते रोज विचारायचं, आणि खरं सांगेल त्याचं नाव कापायचं. विचारता कशाला मग, मेल्यांनो?

बाराव्या दिवशी, मंगळवार होता, ती रात्रीची जेवली नव्हती, सकाळचा चहाही तसाच साय धरून पडलेला. नऊ वाजले. आतून आवाज आला, "आजी... पि..." आणि पुढचा शब्द फुटेना. मी हातातल्या चेहऱ्यांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि निळ्यावर बोट ठेवलं. चुकून नाही हां. माझी नजर चांगली आहे. सुई ओवते मी अजून.

फुगे नाही उडाले. दहा मिनिटांत फोन. तोंड दिसणारा. हिची वरची मॅडम, केस नीट, हसणं नीट, "वी आर कन्सर्न्ड अबाउट यू" का काय ते. पोरगी तोंड पुसत धावली. "नो नो मॅम, बाय मिस्टेक, माझ्या आजीनं दाबलं." मॅडम म्हणाली, "ओ. सो यू आर फाइन?" ही म्हणाली, "येस मॅम, टोटली फाइन," आणि टपटप डोळ्यातून पाणी. मॅडमच्या देखत. तरी ती बाई म्हणते कशी, "ग्रेट, मग मी तसं नोंदवते."

मला राहवेना. घुसले मध्ये. म्हटलं, बाई, तुम्हाला दिसत नाही का? ती रडतेय. तर म्हणते, "आजी, प्लीज, आमची एक प्रोसेस असते." म्हटलं, असेल, पण हिला रडू येतंय म्हणायला तुमची जीभ झडते का?

सून दारात उभी, कपाळाला हात. पोरगी माझा पदर ओढतेय. आणि ओढता ओढताच बोलायला लागली, चांगलं आपल्या भाषेत. "नाही जमत गं मला, आजी. फोन वाजला की छातीत धडधडतं. काल एक माणूस म्हणाला, तुझ्या आईनं तुला जन्मच कशाला दिला. आणि मी त्याला सॉरी म्हटलं." हे ऐकलं आणि सून दार सोडून लेकीपाशी येऊन बसली. पोरीच्या पाठीवर हात ठेवायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

मॅडम उठली, तिच्या खोलीचं दार लावून आली, आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मी गाडीत रडते. खाली पार्किंगमध्ये. मग वर येते आणि पिवळा दाबते."

आता पुढचं ऐका, म्हणजे कळेल माझ्या नावानं शंख का चाललाय. शुक्रवारी यादी लागली, हिचं नाव नाही. रोज फुगे उडवणारा एक आहे, त्याला मुख्य केलं. हिला फोनवरून काढून पत्रांची उत्तरं लिहायला बसवलं. शिव्या लोक त्यातही देतात, पण वाचायच्या की नाही ते हिच्या हातात. जेवते आता. काल तर भावाशी भांडली सुद्धा. पण मुलगा अजून धुमसतोय, "आई, पोरीची बढती घालवलीस." म्हटलं, घालवली. बढती घालवली, पोरगी ठेवली.

ते मी सोसलं असतं हो. पण त्या मॅडमनं नातीकडून माझा नंबर घेतला. रोज पावणेनऊला फोन, गाडीतून. "आजी, दहा मिनिटं आहेत का?" आधी लो, मग डाऊन, मी दरडावते तेव्हा कुठं नीट रडते. मग नाक पुसून वर जाते, पिवळा दाबायला. मला कुणी नेमलं नाही, रविवारची सुट्टी नाही, आणि मी त्या कंपनीत कामाला लागले.

काल म्हणाली, "आजी, माझ्या वरच्या साहेबांनाही तुमचा नंबर देऊ का? पण त्यांना आपली भाषा येत नाही, ते इंग्रजीतच रडतील."

म्हटलं, दे बाई. फक्त साडेनऊला कर म्हणावं. तुझ्यापायी रोज माझी आंघोळ लांबते, त्याच्यापायी जेवण लांबायला नको.