कोलेस्टेरॉल उतरलं आणि पंचाईत झाली

...आणि वर तो डॉक्टर हसतो हो! म्हणतो, "अभिनंदन काका, कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल!" अभिनंदन कसलं? तुम्हाला सांगतो, नॉर्मल रिपोर्ट हातात धरून दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. आता यात माझं काय चुकलं, सांगा!

म्हणजे बघा, मी बस चालवायचो. अख्खा जन्म त्या पाटीखाली गेला, 'चालकाशी बोलू नये'. आणि लोक इतके शिस्तीचे, की कुणी बोललंच नाही! निवृत्त झालो, म्हटलं आता पोटभर बोलू, तर बायको गेली. राहता राहिली लेक. ती लांबच्या शहरात, प्रयोगशाळेत. तिचा रविवारी फोन. "बाबा, जेवलात? दार लावलंत? बरं, ठेवते." मी 'अगं' म्हणेपर्यंत बंद! मग घरात मी आणि फ्रीज. तो निदान मधूनमधून घरघरतो तरी...

आणि माझं कोलेस्टेरॉल वाढलं! लेकीचं संशोधन नेमकं त्यातलंच. त्याच संध्याकाळी फोन, आणि थांबायचं नाव नाही! "बाबा, नीट ऐका हं. लिव्हरच्या पेशींवर दरवाजे असतात, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात. ते दरवाजे बनवा, असा निरोप पेशीतच निघतो. आणि काही इवलेसे आरएनए असतात ना, ते त्या निरोपालाच जाऊन चिकटतात. निरोप पोचत नाही, दरवाजे कमी पडतात, कोलेस्टेरॉल बसतं रक्तात फिरत!"

म्हटलं, "नालायकच की गं!"

"नाही हो बाबा, दरवाजे किती असावेत यावर नजर ठेवतात ते. कधीकधी जरा अतीच करतात, एवढंच."

अहो, काय तो आवाज! शाळेतून धावत यायची, दप्तर फेकायची आणि दम लागलेला असतानाच सांगत सुटायची ना, तस्सा!

मग रोज फोन. मी वाचनालयात बसून प्रश्न शोधायचो, काय करणार? एकदा विचारलं, "अगं, त्या आरएनएलाच कुणी जाऊन चिकटलं तर? ब्रेकलाच ब्रेक?" तर केवढ्यानं हसली! "बाबा, आमची अख्खी लॅब त्याच्याच मागे लागलीय!" त्या दिवशी मी जेवताना एकटाच हसत होतो.

पण मी पडलो सरळमार्गी. गोळी वेळेवर, तळलेलं बंद, रोज चालणं... आणि आलं ना नॉर्मल! संध्याकाळी फोन. "काय आलं, बाबा?" तोंडातून निघून गेलं, "वाढलंय गं. फार वाढलंय." आता यात माझं काय चुकलं!

दुसऱ्या दिवशी लेक दारात. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "रिपोर्ट दाखवा." दाखवला. तिनं वाचला. परत वाचला.

"बाबा, हे नॉर्मल आहे."

"हो."

"मग खोटं का बोललात?"

"...तू फोन ठेवशील म्हणून."

तिनं रिपोर्ट टेबलावर ठेवला. बाथरूममध्ये गेली, कितीतरी वेळ नळ वाहत होता. बाहेर येऊन तिनं चहा केला. जाताना म्हणाली, "रोज फोन करीन. पण कोलेस्टेरॉलचं नाव काढायचं नाही. आपण आपलं बोलायचं."

करते हो, रोज करते! पण आपलं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक नाही! "हं." "हं." "ऊन आहे का?" "आहे." तिकडे ती श्वास घेतेय, इकडे मी... काल तर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही. शेवटी तीच हळूच म्हणाली, "बाबा, ट्रायग्लिसराइड कधी तपासलंत का हो?"

म्हणून आलोय इथे रक्त तपासायला, उपाशीपोटी, तुमच्यासारखाच रांगेत. नंबर यायला वेळ आहे अजून... बरं, तुमचं काय वाढलंय?