शरयूताईंच्या वाकड्या भिंती

अनंतराव, मृण्मयी, आणि ओंगारच्या या हॉलमध्ये जमलेले आपण सगळे. नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची माझ्यासारख्या डॉक्टरला सवय असते. आज मात्र अनंतरावांच्या पत्नी, मृण्मयीची आई, आपल्या शरयूताई गेल्या, आणि मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. सांभाळून घ्या.

शरयूताई मेनूथच्या विद्यापीठात सिनेमा शिकवायच्या. याच हॉलमध्ये त्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचा एक जर्मन मूकपट दाखवला होता. प्रोजेक्टर माझा, म्हणून मी मिरवत होतो. पडद्यावर बघतो तर काय, घरं कललेली, दारं तिरकी, खिडक्या भलत्याच! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. प्रोजेक्टरखाली आधी एक पुस्तक सरकवलं, मग दुसरं. ताई मागे बसून गालातल्या गालात हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, राहू द्या हो. पेशंट तसाच आहे."

सिनेमा संपल्यावर त्यांनी समजावलं. जर्मन लोक पहिलं महायुद्ध हरले होते. पोरं गेली होती. जी परतली, ती घरात असून नसल्यासारखी. पोटाला धड अन्न नाही, उद्याचा भरवसा नाही. स्टुडिओत वीजसुद्धा पुरेशी नसायची म्हणे, मग सावल्या चक्क ब्रशने रंगवल्या. "अहो, घाबरलेल्या माणसाला भिंत सरळ दिसते का? त्यांना दिसली तशी त्यांनी काढली." आणि मग हळूच विचारलं, "तुम्हाला कशी दिसते?"

कोविडच्या वॉर्डात जे पाहिलं, ते मी तोवर घरीही बोललो नव्हतो. कोणी विचारलं तर इथल्या आयरिश लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे मजेत, म्हणायचो. लोक पुढे जायचे. ताई पुढे गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. मी रडलो, मंडळी. ढसाढसा रडलो. ताईंनी मला सावरलं.

आणि मी काय केलं? गेल्या महिन्यात, हार्ट अटॅक यायच्या आधी, याच हॉलचा जिना चढताना ताई धाप लागून दोनदा थांबल्या. मी विचारलं, "ताई, बरं आहे ना?" "ग्रँड," त्या म्हणाल्या. आणि मी, डॉक्टर असून, पुढे गेलो.

अनंतराव, हे तुम्हाला एकट्याला गाठून सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय. मला माफ करा.

चला, उभे राहूया. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मी तेवढ्यात ताईंना पुन्हा एकदा 'बरं आहे ना?' विचारून घेतो, या वेळी थांबून.