एका बादलीत धुतलेली गाडी

माझं माहेर जळकोटचं, गावाच्या बी बाहेर, हमरस्त्याच्या पल्याड आमचा मेंढरांचा वाडा व्हता, आन् माझं लहानपण, ताई, निम्मं मेंढरांच्या मागं आन् निम्मं गाड्यांच्या धुराळ्यात गेलं. सोलापूरकडं, हैद्राबादकडं गाड्या जायच्या, आमी पोरी दगडावर बसून बघायचो, आतल्या माणसाचं तोंड दिसंपतूर गाडी गेलेली असायची. मला लई वाटायचं, आत वास कसा असंल. बाकी काही न्हाय, वासच. मेंढक्याच्या पोरीला समदं आधी नाकानं कळतं. पाऊस कुठल्या अंगाला पडलाय, कोणत्या मेंढीला ताप हाय, कोण पाहुणा कुठनं आलाय, आमी वासावर सांगायचो.

लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची रीत. बाप नदीत छातीइतक्या पाण्यात उभा ऱ्हायचा, आमी एकेक मेंढरू त्याच्याकडं ढकलायचो, त्यो त्याला पाण्यात दोनदा बुचकळून पल्याड सोडायचा, आन् ओल्या लोकरीचा त्यो जड, गरम वास दिसभर अंगाला चिकटून ऱ्हायचा. बाप म्हणायचा, धार चालू असंल तिथंच धुवायचं, थांबलेल्या पाण्यात मळ जात न्हाय, नुसता जागा बदलतो. आमच्यात समदेच तसं मानतात. मेंढरू असो, भांडं असो, का माणूस असो, वरनं पाणी वाहून गेलं म्हंजेच धुतलं.

लगीन होऊन अणदूरच्या अलीकडं ह्या गावात आले. फाट्यावर उतरायचं आन् मंग आत चालायचं. हितं बी मेंढरंच. थोरल्या जाऊबाईला म्या अक्का म्हणते, तिचं घर आन् माझं घर एका भिंतीचं. माहेरी आमच्यात भाकरी जाड, हितं पातळ, तर पैल्या दिशी माझी भाकरी बघून अक्का म्हणली, ही मेंढराला का माणसाला, आन् मंग माझा हात हातात धरून थापायला शिकवलं. मालक गेले तवा बी तिनंच मला उठवून बसवलं, पाणी पाजलं. सख्खी भैन असती तर ह्याच्यापल्याड काय केलं असतं.

माझा एकच ल्योक, दत्ता. त्याला मेंढरांची आवड न्हाय. चरायला रान ऱ्हायलं न्हाय, त्याचं बी खरंच व्हतं. मेंढरं इकली आन् अंगणात पांढरी गाडी आली. जिथं मेंढरं बसायची तिथंच गाडी उभी, वर त्याच लिंबाची सावली. म्या दार उघडून आत तोंड घातलं, नव्या चपलेचा असतो तसा वास, आन् माझ्या डोळ्याला पाणी आलं. दत्ताला वाटलं आनंदानं आलं.

दत्ता भाड्यानं फिरायचा. कुणाला तुळजापूरला देवीला न्यायचं, कुणाची लेक बाळंतपणाला आणायची, कुणाला सोलापूरला दवाखान्यात. भाड्याच्या गाडीला चकचकीत ऱ्हावं लागतं, माती दिसली की माणूस दुसरी गाडी बघतो. आन् आमच्याकडं पाण्याचं काय सांगू तुमाला. होळी झाली की बोअर खाकरायला लागतो, पाडव्याला आटतो, मंग टँकर. टँकर आज येतो का चार दिसांनी, त्याचं त्याला ठावं. रस्त्यावर गाड्या धुवायचं दुकान व्हतं, त्याचा बी बोअर आटला, त्यो माणूस फवारा गुंडाळून गेला कुठं तरी.

मंग दत्तानं मोबाईलवर बघून एक औषध मागवलं. म्हणला, माय, एका बादलीत गाडी धुता येती, आन् वरनं पाणी बी ओतायचं न्हाय. म्या म्हणलं, एका बादलीत तर म्या तुला बी कवा धुतला न्हाय. पण त्यानं करून दाखवलं. बादलीत पाणी घ्यायचं, टोपणभर औषध टाकायचं, पाणी जरा बुळबुळीत होतं, शेवाळलेल्या दगडासारखं. आधी थोडं पाणी छोट्या पंपानं फवारायचं, म्हंजे धूळ भिजून फुगती. कोरड्या धुळीला फडकं लावलं की गेलं, रंगावर बारीक ओरखडे उठतात, आन् आमच्या मातीत खडा लई. मंग मऊ फडकं बादलीत भिजवून, घडी करून, टपापासनं खाली यायचं, दाबायचं न्हाय, गोल फिरवायचं न्हाय, एकाच दिशेनं न्यायचं. एका पत्र्याला घडीची एक बाजू, पुढच्या पत्र्याला दुसरी, आन् मळलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं न्हाय, नवं घ्यायचं. लगोलग कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. खालचा चिखल आन् चाकं शेवटाला, त्याचं फडकं येगळं. औषध अंगावर ऱ्हायलं तरी चालतं, म्हणून वरनं पाणी लागत न्हाय. हे काम सावलीत करायचं, ऊन लागलं की डाग उमटतात.

ते काम म्या माझ्याकडं घेतलं. दत्ता दमून यायचा, आन् मला बी मेंढरं गेल्यापासनं हाताला काही जित्तं लागत न्हव्हतं. सकाळी गाडीचा पत्रा गार असतो, त्याच्यावरनं हात फिरवला की खाली कुणी तरी निजलंय असं वाटतं. अक्का भिंतीवरनं बघायची आन् म्हणायची, अगं, गाडी धुती का लेकरू पुसती. तिची सून सुवर्णा, पोटुशी, ती लिंबाखाली येऊन बसायची. तिला त्या औषधाचा वास लई आवडायचा, बाकी कशाचाच आवडत न्हव्हता, मसाल्याचा न्हाय, तेलाचा न्हाय. म्हणायची, काकू, बाटली उघडा की जरा. म्या उघडून तिच्या नाकाजवळ धरायची. हातात गच्च हिरव्या बांगड्या, बाटली धरताना किणकिणायच्या.

वैशाखात, दिवस भरायच्या आधीच तिला रक्त जायला लागलं. दवाखान्याची गाडी फोन करून बोलवंपतूर दम न्हव्हता, दत्ता घरीच व्हता, अक्का आन् बालाजी, म्हंजे अक्काचा ल्योक, सुवर्णाला घेऊन मागं बसले. सोलापूरपतूर अक्का तिच्या पायाशी कापड धरून बसली व्हती. दवाखान्यात लेकरू जित्तं निघालं, मुलगी, एवढीशी. सुवर्णा न्हाय वाचली. डॉक्टरनं केलं जेवढं करता येतं तेवढं, उगा कुणाला का बोलावं. मढं न्यायची गाडी दुसरीकडं गेलेली, ती सांजच्याला मिळणार, आन् ऊन असं की सावलीत बी डोळा उघडवत न्हव्हता. बालाजी म्हणला, मी तिला हितं ठेवणार न्हाय. मंग दत्तानं तिला आपल्याच गाडीत आणलं, मागच्या सीटवर, बालाजीच्या मांडीवर डोकं. अक्का लेकरापाशी दवाखान्यात ऱ्हायली.

गाडी गल्लीत आली तवा दुपार व्हती. टँकर येऊन गेल्याला लई दिस झालेले. अक्काच्या पिंपात खालचा गाळ, शेजारी-पाजारी बी तीच गत. सुवर्णाला अंघोळ घालायची व्हती. बाळंतीण बाई, तिला अशी रक्तानं माखलेली कशी न्यायची. बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. माझ्या घरी एक घागर शिल्लक व्हती, भरलेली, वर कापड बांधून ठेवलेली. म्या ती आणून ठेवली. तिच्या केसातनं पाणी निथळून अंगणात गेलं, मातीनं ते लगीच पिऊन टाकलं. घागर रिकामी झाली तवा तिचं तोंड निजल्यासारखं दिसाय लागलं.

समदे मसणवट्यात गेले आन् गाडी लिंबाखाली तशीच, चारी दारं उघडी. माश्या बसाय लागल्या. गावातली म्हातारी माणसं जाताना सांगून गेली, गाडीवरनं पाणी ओता, आतनं बाहेरनं वाहू द्या, त्याबिगर ती गल्लीत उभी ऱ्हाऊ नये. कुठलं ओतू? कोंबड्यांच्या परातीत आन् हंड्याच्या बुडाला मिळून बादलीभर बी निघालं न्हाय. तेवढ्यात म्या औषध टाकलं. सीटवरचं कापड आधीच काढून सुवर्णाबरोबर दिलं व्हतं, पण रक्त खाली गादीत उतरलेलं. रक्ताला घासायचं न्हाय, गार पाण्याचं फडकं ठेवायचं, वरनं तळहात दाबायचा, त्यो डाग आपल्या आपण फडक्यात चढतो. ठेवायचं, दाबायचं, उचलायचं. फडकं लाल, मंग गुलाबी, मंग पिवळट. दोन सीटांच्या फटीत हिरव्या बांगडीचे तुकडे घावले. लोखंडाचा वास आन् त्या औषधाचा, तिला आवडायचा त्योच वास, दोन्ही एका जागी, आन् वर ऊन. माझे हात चालत व्हते, बाकी म्या कुठं व्हते मला म्हाईत न्हाय.

गाडी पुसून निघाली ती नव्यासारखी. कुठं डाग न्हाय, कुठं वास न्हाय. पण गावात एकच बोलणं झालं, मढ्याची गाडी पुसून घेतली, धुतली न्हाय. टँकर आला तवा दत्तानं दोन घागरी वरनं ओतल्या बी, तर म्हणाय लागले, आता काय उपेग, येळ गेली. कुणी तोंडावर वंगाळ बोललं न्हाय. भाडं विचारलं की म्हणायचे, बघू, सांगतो, आन् मंग दुसऱ्याची गाडी यायची. दत्ताला तेवढंच येतं, गाडी चालवणं. त्या गाडीत परत कुणी बसतंय का न्हाय, ह्याच्यावर माझ्या लेकाचं गावात ऱ्हाणं अडलेलं, आन् म्या रोज सकाळी उठून ती पुसत व्हते, जसं काही आज कुणी बसणारच हाय.

लेकरू काचेच्या पेटीतनं बाहेर आलं तवा दत्ता आणायला गेला. अक्का त्या गाडीत बसली न्हाय. एवढंसं लेकरू पदराखाली घेऊन एसटीनं आली, त्या उन्हात, आन् फाट्यापासनं चालत. अक्काच बसली न्हाय म्हणल्यावर बाकीच्यांना सांगायला तेवढं पुरं झालं. आमचं बोलणंच तुटलं, भिंतीच्या पल्याड लेकरू रडायचं ते म्या ऐकायची.

मंग येगळे फोन याय लागले. कुणाचा म्हातारा सोलापूरच्या दवाखान्यात वारला, कुणाचं माणूस अपघातात गेलं. म्हणायचे, तुझी गाडी तशी बी त्या कामाला झालीच हाय, ये की. दत्ता पैल्यांदा न्हाय म्हणला, मंग गेला. मेलेल्याला कुणी तरी घरी आणावंच लागतं, त्यात पाप न्हाय. आला की म्या आतनं बाहेरनं पुसून घ्यायची. पण तसल्या खेपा करू करू दत्ता मुका झाला. जेवताना हात धुवायचा आन् परत धुवायचा.

एका ऐतवारी म्या म्हणलं, मला अणदूरला खंडोबाला ने. त्यानं पुढचं दार उघडलं. म्या मागं बसले, सुवर्णाला निजवलं व्हतं त्याच जागी. काचा खाली घ्यायला लावल्या, गावातनं हळू हळू काढ म्हणलं, बघू देत समद्यांना. पारावरच्या माणसांनी बघितलं. एकानं सवयीनं हात वर केला आन् मधीच खाली घेतला. देवाला गेले, कपाळाला भंडारा लावला, मागितलं काही न्हाय, काय मागावं ते सुचलंच न्हाय.

येताना फाट्यावर अक्का उभी. लेकराला सुई टोचायला नळदुर्गला नेलं व्हतं, एसटीनं सोडलेलं, आता घरापतूर चालायचं. लेकरू उन्हानं लाल झालेलं, रडायचं बी बंद. दत्तानं गाडी थांबवली आन् मान खाली घातली. म्या खिडकीतनं म्हणलं, अक्का, त्या दिशी माझ्याकडं एकच घागर व्हती. ती सुवर्णाला घातली. गाडीला उरलीच न्हाय.

अक्कानं लेकराच्या डोक्यावर पदर ओढला आन् म्हणली, मला ठावं हाय गं. गावाचं सोड. म्या त्या दारापतूर येते आन् माझा पाय उचलत न्हाय.

मंग तिनं लेकरू खिडकीतनं माझ्या मांडीवर दिलं. म्हणली, हिला ऊन लागतंय, हिला ने. दत्तानं गाडी चालीच्या मापानं सोडली. अक्का बाजूनं चालत आली, खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवून, फाट्यापासनं घरापतूर, आन् लेकरू आपल्या आईच्या जागेवर माझ्या मांडीत निजलं. गावानं ते बी बघितलं. आता भिंतीवरनं बोलणं व्हतं आमचं. पोरगी बसाय लागलीय, किरकिरी हाय, पण हाय.

बाकी कुणी बसत न्हाय, ताई. दत्ता पुण्याकडं जायचं म्हणतो, म्या जा बी म्हणत न्हाय आन् ऱ्हा बी म्हणत न्हाय. अजून फोन येतो त्यो तसलाच. फोन वाजला की त्यो चावी उचलतो, कुठं चालला म्हणून कुणी इचारत न्हाय. म्या दारात उभी ऱ्हाते, गाडी वळस्तवर बघते, आन् देवाला एवढंच म्हणते, की ज्याला आणायला चाललाय त्यो जित्ता असू दे, घरच्यांनी घाबरून फोन केला असू दे, त्यो निजून न्हाय, बसून येऊ दे. अजून एक बी बसून आला न्हाय. पण म्हणते.