जुन्या फिल्टरचं तोंड

घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलून मर्विन जुनं ऑइल आणि जुना फिल्टर जमा करायला ओहायोतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत उभा होता. त्याच्या पुढेच बहीण-भावाची जुंपली होती.

“माझ्या गाडीचं इंजिन खाल्लंस तू, ड्वेन!”

“हळू बोल, लोरेटा. लोक बघतायत.”

“बघू देत! म्हणे गॅरेजवाले लुटतात, मी दारातच बदलून देतो.”

“सगळ्यात भारी फिल्टर घातला होता मी.”

“सोन्याचा घाल! जुना काढलास तेव्हा त्याचं तोंड बघितलंस?”

“मॅच सुरू होणार होती गं.”

“बाबा दर वेळी काय सांगायचे? जुन्या फिल्टरवर रबराची रिंग नसली, तर ती इंजिनलाच चिकटून राहिलेली असते. आधी ती काढ. तू तिच्यावरच नवा फिल्टर आवळलास!”

“दारात एक थेंब गळला नव्हता, शपथ.”

“हायवेला लागल्यावर त्या दोन रिंगांमधून गळलं ना सगळं ऑइल! आठ मैलांत इंजिन जाम, मागून ट्रक येतोय, आणि मागच्या सीटवर माझी पोर!”



मर्विनने पिशवीतला जुना फिल्टर उलटा करून बघितला. मग बोटाने चाचपला. रिंग नव्हती.

त्याला इथे सोडून बायको त्याच गाडीने हायवेवरून आईकडे निघाली होती. त्याने फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला.

गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यानेच तिला ओरडून ओरडून शिकवलं होतं.